पट्टा पडायच्या आधी



फेब्रुवारी सरत आला की आमच्या गेवराईत एकच प्रश्न कानावर येऊ लागतो, "पट्टा कधी पडणार?" शाळेच्या पटांगणात मुले विचारतात. ओट्यावर बसलेल्या दादी-नानी विचारतात. किराणा दुकानदारही विचारतो, कारण त्याची उधारी त्यावर अवलंबून असते. साखर कारखान्याचे गाळप संपले की आमच्याकडे 'पट्टा पडला' असे म्हणतात. पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली जोडपी घराकडे निघतात. यंदाच्या लेखात आम्ही त्या शेवटच्या पंधरा-वीस दिवसांविषयी लिहिणार आहोत. हे दिवस फार महत्त्वाचे असतात, आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिले जाते.

ज्यांच्या गावाकडे ऊसतोड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी घराला कुलूप लावून निघतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्यात बांबू, ताडपत्री, पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीची पोती, चूल पेटवायला चार लाकडे, पाण्याचे हंडे, दोन कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. धुळे-सोलापूर महामार्ग गेवराईवरून जातो. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत असे ट्रॅक्टर आणि मालट्रक एकामागून एक जाताना दिसतात. कोणी सोलापूरकडे, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. गेवराईहून कोल्हापूर सुमारे चारशे किलोमीटर. तिथे पोहोचले की फडाजवळच्या मोकळ्या रानात कोपी उभी करायची. त्या भागातला ऊस संपला की कोपी मोडायची, सामान पुन्हा गाडीत घालायचे आणि दुसऱ्या गावी जायचे. पाच-सहा महिने घर असे फिरत राहते.

आमच्या तालुक्याचे एक नवल आहे. गेवराईच्या उत्तरेला गोदावरी वाहते, जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, गढीला साखर कारखानाही आहे. म्हणजे ऊस आमच्याकडेही पिकतो. पण ज्याच्या शेताला कालव्याचे पाणी नाही, ज्याची जमीन दोन एकर खडकाळ आहे किंवा मुळीच नाही, त्याला दुसऱ्याचा ऊस तोडायला दूर जावेच लागते. आपल्या समाजातलीही काही घरे त्यात आहेत. आमच्या वर्गातली चार-पाच मुले दर हिवाळ्यात आजीकडे राहतात, ती का राहतात हे आम्हाला विचारावे लागत नाही.

या कामात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसे. एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती पूर्ण कोयत्याला देतो. म्हणून हा सफर नवरा-बायकोने मिळूनच करायचा असतो. एक जण आजारी पडला किंवा रुसून माहेरी गेला तर दुसऱ्याचे कामही निम्म्यावर येते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. सातवीपर्यंत आमच्याकडे होती, हस्ताक्षर मोत्यासारखे. आता तिला दोन मुले आहेत आणि ती नवऱ्याबरोबर दहा-अकरा वर्षे ऊसतोडीला जाते. मागे एकदा पट्टा पडून परत आल्यावर ती मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आली होती. आम्ही सहज विचारले, "बेटा, शेवटचे दिवस कसे जातात?" ती हसली आणि म्हणाली, "सर, पहिले दोन महिने अंग दुखतं. मधले दोन महिने अंग दुखतंय हेच कळत नाही. शेवटच्या पंधरा दिवसांत मग सगळं एकदम दुखायला लागतं."

पुढे तिने जे सांगितले ते आम्ही इथे लिहितो, कारण पुस्तकात ते सापडणार नाही.

पहाटे तीन-साडेतीनला उठायचे. भाकरी थापून फडक्यात बांधायच्या. अंधारातच फडावर जायचे. नवरा तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते, कधी तीही कोयता चालवते. दुपारनंतर गाडी भरायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. हे रोजचे. पण हंगामाच्या शेवटी त्यात भर पडते. जवळचा, चांगला ऊस आधीच तुटलेला असतो. मागे राहतो तो दूरचा, पडलेला, अडचणीतला. उन्हाने ऊस वाळतो आणि वजनाला हलका होतो. जेवढा घाम गाळून जानेवारीत दोन टन भरत होते, तेवढ्याच घामात मार्चमध्ये दोन टन भरत नाहीत. मजुरी तर टनावर असते.

"भांडणंही याच दिवसांत होतात," ती म्हणाली. "सहा महिने एका कोपीत राहून एकमेकांची सवय झालेली असते. हे पाणी आणतात, मी भाकरी करते. मला ताप आला तर हे चूलही पेटवतात. गावाकडं कधी पेटवली नसती. पण शेवटी दोघंही थकलेले असतो आणि डोक्यात एकच, घरी काय घेऊन जाणार? मग मीठ कमी पडलं म्हणूनही आवाज चढतो."

आणि आनंद? तोही असतोच. शेवटच्या बाजाराच्या दिवशी मुलांसाठी कपडे, सासूसाठी लुगडे, शेजारच्या खालासाठी कोल्हापूरकडचा गूळ. जाताना आणलेली शेळी व्यालेली असते, दोनाची चार झालेली असतात. टोळीतल्या बायका एकमेकींचे मोबाइल नंबर पुन्हा एकदा तपासून घेतात. सहा महिने शेजारच्या कोपीत राहिलेली बाई कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची हे कोणी विचारत नाही. बाळंतपणात तिनेच पाणी तापवलेले असते. निघताना गळ्यात पडून दोघी रडतात.

आमच्या विद्यार्थिनीची एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "कोपी मोडायला दहा मिनिटं लागतात, सर. ताडपत्री काढली की खाली फक्त चुलीचे तीन दगड राहतात. मी दर वर्षी ते दगड बघते आणि विचार करते, इथं आपण सहा महिने राहिलो?"

परदेशात निवृत्त जोडपी घरासारखी सोय असलेली गाडी घेऊन महिनोन्महिने फिरतात, असे आपण वाचतो. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ज्यांना परवडते त्यांनी जरूर फिरावे, अल्लाहची जमीन मोठी आहे. पण हौसेने फिरणाऱ्याला परतीची तारीख माहीत असते, कारण ती त्यानेच ठरवलेली असते. आमच्याकडच्या जोडप्याला ती माहीत नसते. पट्टा कधी पडणार हे कारखाना ठरवतो, आणि कारखान्याचे ऊस किती उभा आहे त्यावर ठरते.

अलीकडचे दोन हंगाम आठवून पाहा. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात उसाचे अमाप पीक आले. मार्च गेला, एप्रिल गेला, तरी मराठवाड्यात ऊस उभाच. गाळप जूनपर्यंत चालले. त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये होता आणि ईद ३ मे रोजी आली. जी जोडपी अजून फडात होती त्यांची ईद फडातच झाली. भर उन्हाळ्यात, पाण्याचा हंडा सावलीला ठेवून, रोजा सांभाळत तोड करणे म्हणजे काय, हे घरात पंख्याखाली बसून कळणार नाही.

नंतर आला २०२४-२५ चा हंगाम. त्याची तऱ्हा अगदी उलट. विधानसभेच्या निवडणुका होत्या, गाळप १५ नोव्हेंबर २०२४ पासून सुरू करायचे ठरले. ऊस कमी होता. काही कारखाने तीन महिन्यांच्या आतच थंडावले आणि मार्च अर्धा सरेपर्यंत राज्यातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक कारखान्यांचे पट्टे पडले. आदल्या वर्षी राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली होती, त्या वर्षी ती ८० लाख टनांच्या आसपास राहिली. ईद ३१ मार्चला होती. जोडपी ईदच्या आधी घरी आली, मुले खूश झाली, गल्लीत शिरखुर्म्याचा वास सुटला. पण लवकर घरी येणे म्हणजे काम कमी मिळणे. ईदच्या दुसऱ्याच दिवशी घराघरांत हिशेबाची कुजबुज सुरू झाली.

हे नीट समजावे म्हणून आम्ही वर्गात फळ्यावर मांडतो तसे एक गणित मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात करार झाला आणि ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ रुपये झाले. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. वाढ मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. आता एका कोयत्याची दिवसाची तोड दोन टन धरू. दोघांची मिळून मजुरी ७३२ रुपये. माणशी ३६६. उचल हिशेबाला सोपी जावी म्हणून एक लाख रुपये धरू.

काम ९० दिवस चालले तर ६५,८८० रुपये फिटतात आणि ३४,१२० रुपये अंगावर राहतात. १२० दिवस चालले तर ८७,८४० फिटतात, १२,१६० अंगावर राहतात. १५० दिवस चालले तरच उचल फिटून ९,८०० रुपये हातात येतात. एकाही दिवसाचा खाडा धरलेला नाही. ताप आला, गाडी आली नाही, पाऊस पडला, कारखाना बिघाडाने बंद राहिला, हे सगळे त्यातून वजा करायचे. वाढे विकून जे चार पैसे मिळतात त्यावर रोजचे मीठ-मिरची चालते.

म्हणून वाचकहो, हंगाम संपत आलेल्या जोडप्याच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. घराची ओढ लागलेली असते, आणि 'आणखी वीस दिवस कारखाना चालावा' अशी दुआही मनात असते. अंगावर राहिलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते. त्यामुळे घरी पाय ठेवण्याआधीच पुढचा सफर ठरून जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे जे गणित आम्ही मांडले ते सहसा कोण करते? मुकादम करतो आणि नवरा ऐकतो. कोयत्याची दुसरी बाजू त्या वेळी कुठे असते? ती सामान बांधत असते, पोराला न्हाऊ घालत असते, नाहीतर कोपीच्या आड उभी राहून कानोसा घेत असते. उचल घेताना अंगठा किंवा सही नवऱ्याची, वहीत नाव नवऱ्याचे, हिशेबाला बसतो नवरा. काम मात्र दोघांचे. उलट भाकरी, पाणी, पोरे धरली तर तिचे काम दोन तास जास्तच.

आपल्याकडे निकाह होतो तेव्हा निकाहनाम्यावर मुलीचे नाव लिहितात. तिला विचारतात, तिची संमती घेतात, मेहरची रक्कम लिहितात, साक्षीदार ठेवतात. ज्या समाजात लग्नासारखी गोष्ट बाईला विचारल्याशिवाय आणि लिहिल्याशिवाय पुरी होत नाही, त्या समाजात तिच्या सहा महिन्यांच्या घामाचा हिशेब तिला न विचारता, तिचे नाव न लिहिता कसा होतो? आपल्या धर्माने बायकोच्या कमाईवर तिचाच हक्क ठेवला आहे आणि घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्यावर. ती आपल्या खुशीने संसारात घालते, बहुतेक बायका घालतातच. पण खुशीने द्यायला आधी किती आहे हे माहीत तर हवे! दिवसाचे ३६६ रुपये तिचे. ९० दिवसांचे ३२,९४० रुपये. हा आकडा किती घरांत मोठ्याने उच्चारला जातो?

हा प्रश्न केवळ मान-सन्मानाचा नाही. ज्याला हिशेब माहीत नाही त्याला विश्रांती मागता येत नाही. खाडा पडला तर दंड कापतात, म्हणून बायका दुखणे अंगावर काढतात. पोटात दुखते, पाळीचा त्रास होतो, पांढरे जाते, पण "पट्टा पडला की बघू" असे म्हणत पाच महिने जातात. मग घरी आल्यावर, हातात असतील नसतील ते पैसे घेऊन, जो पहिला दवाखाना दिसेल तिथे जातात. यातून काय झाले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. हा नियम आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असला पाहिजे. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. रक्तातले लोह तपासा. कोणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढा" म्हणाला तर घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट मुलांची. इथे आम्ही शिक्षक म्हणून बोलतो. आई-वडील गेले की गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, जेवण मिळते, शाळा सुटत नाही. संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही २०२१ मध्ये मंजूर झाली. जी मुले आई-वडिलांबरोबर जातात त्यांना निघताना शिक्षण हमी पत्रक मिळते, त्यावर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. पालकांना आमची हात जोडून विनंती आहे, परत निघायच्या आधी तिथल्या शाळेकडून त्या पत्रकावर मुलाच्या हजेरीची नोंद करून घ्या. एका सहीने मुलाचे वर्ष वाचते. पट्टा पडला की आलेच असे म्हणत वार्षिक परीक्षेच्या दिवशी मूल गाडीत बसलेले असते, असे होऊ देऊ नका. थोडे आधी फोन करा, वर्गशिक्षकांना तारीख विचारा.

आणि मुलींचे काय? कोयता जोडीचा लागतो, या एका गोष्टीने आमच्या जिल्ह्यातल्या किती मुलींची शाळा तोडली! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. हंगाम संपतो, उन्हाळ्यात लग्ने निघतात, आणि उचल अंगावर राहिलेल्या घरात कोणीतरी म्हणतो, "पोरीचं उरकून टाकू, पुढच्या वर्षी त्यांचा वेगळा कोयता होईल." वरच्या गणितात ३४,१२० रुपये अंगावर राहिले होते. ते ओझे चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मोळीसारखे ठेवायचे का? अठराच्या आत मुलीचे लग्न हा कायद्याने गुन्हा आहे. असे काही कानावर आले तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. पण फोनची वेळ येण्याआधी घरातल्या आईने 'नाही' म्हणावे. आणि आईचे 'नाही' तेव्हाच ऐकले जाते, जेव्हा तिची कमाई वहीत दिसते. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा त्या वहीकडे येतो.

तर पट्टा पडायच्या आधी काय करावे? आमच्या विद्यार्थिनीने स्वतः जे केले तेच सांगतो, कारण ते कोणालाही जमण्यासारखे आहे.

तिने चाळीस पानांची एक वही घेतली. रोज रात्री गाडी किती भरली, काट्यावर वजन किती आले, पावतीचा क्रमांक काय, हे त्यात लिहिले. पावतीचा मोबाइलवर फोटो काढला. खाडा का पडला तेही लिहिले, 'गाडी आली नाही' किंवा 'मला ताप'. पहिल्या वर्षी नवरा हसला. म्हणाला, "मास्तरीण झालीस का?" हंगामाच्या शेवटी मुकादमाने हिशेब सांगितला तेव्हा तिच्या वहीत सहा टन जास्त निघाले. मुकादम भला माणूस होता, त्याने आपली वही पुन्हा पाहिली, एका गाडीची नोंद राहिली होती, ती धरली. सहा टन म्हणजे २०२४ मध्ये ठरलेल्या दराने २,१९६ रुपये. त्या वर्षीपासून हिशेबाच्या दिवशी नवराच तिला हाक मारतो, "चल, वही घेऊन ये."

लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. टोळीत एक जण तरी शिकलेला असतोच. हिशेबाला दोघांनी बसा. अंगावर किती राहिले हे कागदावर लिहून, तारीख घालून, त्याची एक प्रत मागून घ्या. पुढच्या वर्षीची उचल त्याच बैठकीत, थकल्या डोक्याने ठरवू नका. घरी जाऊन, घरच्यांशी बोलून ठरवा. ग्रामपंचायतीकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र मिळते, ते नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे मागा. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी तुम्ही ऊसतोड कामगार आहात हे कागदावर दिसले पाहिजे, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. बायकोच्या नावाने बँकेत खाते नसेल तर उन्हाळ्यात उघडा. नवऱ्यांनाही आम्ही सांगतो, यात तुमचे काही कमी होत नाही. दोन जणांनी केलेला हिशेब एकट्याने केलेल्या हिशेबापेक्षा पक्का असतो आणि कर्जाचे ओझेही दोघांनी मिळून उचलले तर हलके होते.

जे घरी राहिलेत त्यांच्यासाठीही दोन शब्द. सहा महिने बंद असलेल्या घरात धूळ, जाळी, उंदीर असतात. बाई रात्रभर ट्रॉलीत बसून पहाटे उतरते आणि पहिले काम म्हणून झाडू हातात घेते. जाऊबाई, नणंदबाई, शेजारणी, ती यायच्या आदल्या दिवशी तुम्ही घर झाडून ठेवा. माठ भरून ठेवा. पहिल्या दिवशीचे जेवण तुमच्याकडे असू द्या. उधारीवाल्यांनी आठ दिवस दम धरावा, पैसे कुठे पळत नाहीत. आणि सासूबाईंनी नातवाला आईजवळ झोपू द्यावे, जरी पहिल्या रात्री तो आईला ओळखत नसला आणि दादीकडेच धावत असला तरी. दोन दिवसांत ओळखतो.

यंदाही थोड्या दिवसांत महामार्गावर ट्रॅक्टर दिसू लागतील, या वेळी तोंड गेवराईकडे असलेले. तुमच्या घरातले कोणी त्यात असेल तर आज रात्रीच फोन करा. "कधी येणार?" एवढेच विचारू नका. "वजनाच्या पावत्या जपून ठेवल्यात ना? हिशेबाला दोघं बसणार ना?" हेही विचारा. आणि फोन नवऱ्याकडे असला तरी म्हणा, "जरा तिच्याकडे दे."

अल्लाह सगळ्या मुसाफिरांना सुखरूप घरी आणो. आमीन.